चौक लिहिणाऱ्यांची विद्या

पालघरच्या माणसापुढे ‘चौक’ हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम हुतात्मा चौक उभा राहतो. १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात पडलेल्या पाच वीरांचे ते स्मारक. एखाद्या गृहिणीस रांगोळीचा चौक आठवेल, एखाद्या वृद्धास जुन्या वाड्याचा. परंतु रुळांपासून पूर्वेकडे चार-सहा कोस गेले, मनोर-विक्रमगड-डहाणूची डोंगरपट्टी लागली, की या शब्दाला आणखी एक अर्थ येतो. वारल्यांच्या घरी लग्न निघाले म्हणजे आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने एक चौकोन मांडतात, त्यालाही चौकच म्हणतात. आणि तो ‘काढला’ असे न म्हणता ‘लिहिला’ असे म्हणण्याची तिथे चाल आहे. जुन्या मराठीतही चित्र लिहीत असत. आपण तो प्रयोग विसरलो, डोंगरातल्या बायकांनी तो जपला.

ही भिंतीवरची लिखावट गेल्या पन्नास वर्षांत भिंतीवरून कागदावर आली, कागदावरून शहरात गेली, आणि शहरातून आता शाळेच्या चित्रकलेच्या वहीत परत आली आहे. बोईसरच्या सातवीतल्या मुलाला दोन त्रिकोण जोडून माणूस काढता येतो. ते त्रिकोण कोणाचे, असे त्याला विचारले तर तो ‘वारली डिझाइन’ म्हणतो आणि थांबतो. तो जेथे थांबतो तेथून पुढचा इतिहास सांगण्याचा आमचा आजचा हेतू आहे. त्यासाठी वाटेत आपणांस थोडे आफ्रिकेतही जावे लागेल. तिकडे याच गोष्टी, जवळजवळ याच काळात, आपल्यासारख्याच शिक्षकांपुढे उभ्या राहिल्या होत्या.

प्रथम चौक म्हणजे काय ते पाहू. भिंत कुडाची, शेणामातीने सारवलेली, तिला गेरूचा हात दिलेला. रंग एकच, पांढरा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा आणि बांबूची काडी टोकाला ठेचून तिची कुंचली करायची. लिहिणाऱ्या त्या सवाशिणी, आणि लग्नाची गाणी म्हणून विधी चालवणारी धवलेरी, तीही स्त्रीच. चौकाला चारी बाजूंनी नक्षीचे पट्टे असतात. आत पालघट देवी. ही भरल्या घटाची, वाढत्या झाडाझुडपांची, अंकुराची देवता होय. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. सूर्य, चंद्र, शिडी, फणी, घोड्यावरचे नवरा-नवरी अशी चिन्हे असतात. चौकाबाहेर झाडे, पाखरे, माणसे, नाच यांची गर्दी. हा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे ती भिंतीची शोभा नसून विधीचे एक अंग आहे, जसे आपल्याकडे अंतरपाट किंवा कन्यादान. शोभा नसली तरी चालेल असे म्हणता येते, अंतरपाटाविषयी कोणी तसे म्हणत नाही.

आता या लग्नाची दुसरी बाजू. ती चौकात लिहिलेली नसते. आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वी वारल्याला लग्न करायचे तर सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढावे लागे, आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबावे लागे. हिशेब लिहिणारा सावकार, न वाचता येणारा ऋणको, त्यामुळे कर्ज फिटतच नसे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या मंगल कार्यासाठी बायकांनी भिंतीवर पालघट लिहिली, त्याच कार्यातून पुरुषाच्या गळ्यात जन्माची वेठ पडे. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली, शामराव व गोदावरी परुळेकर या दांपत्याच्या पुढाकाराने किसान सभेची चळवळ उभी राहिली, आणि पुढच्या दोन वर्षांत वेठ व लग्नगडीची चाल मोडली. तो सारा वृत्तांत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात सांगितला आहे. त्या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९४५ हे साल या मुलखाच्या इतिहासात चमत्कारिक योगायोगाचे आहे. त्याच वर्षी के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साथीने बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. एकाने या लोकांविषयी लिहिले, एकीने त्यांना संघटित केले, आणि दोघींनी त्यांच्या मुलांना शिकवण्याचा विचार मांडला. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची, तिचा विचार पुढे करू.

आता शाळेकडे वळू. आपल्या शाळांत चित्रकला आली ती गावच्या भिंतीवरून आली नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. तिची शिस्त लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या साच्यातली होती. ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवून छायाप्रकाश शिकावा, मापात रेघ ओढावी, यथादर्शनाचे नियम पाठ करावे. त्या शाळेतून धुरंधरांसारखे मोठे चित्रकार निर्माण झाले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावे. त्याच साच्याची धाकटी आवृत्ती म्हणजे शाळांतील ग्रेड परीक्षा. आजच्या शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, या त्याच वंशातल्या. या व्यवस्थेत दीर्घकाळ वारली स्त्रीच्या भिंतीला ‘चित्र’ म्हणण्याची सोयच नव्हती. त्यात यथादर्शन नाही, छाया नाही, प्रमाण नाही. शिकलेल्या माणसाच्या दृष्टीने तो अडाण्यांचा पिठाचा खेळ होता.

या समजुतीला प्रत्यक्ष कृतीने पहिला छेद दिला तो बोर्डीच्या आणि मग कोसबाडच्या टेकडीवरच्या त्या दोघींनी. ताराबाईंचे शिक्षणशास्त्र माँटेसरीचे. परंतु माँटेसरीची महागडी साधने डहाणूच्या पाड्यावर कोठून आणायची? तेव्हा बिया, पाने, शंखशिंपले, माती, काड्या हीच साधने झाली. मूल शाळेत येत नाही, कारण ते गुरे राखते, तर शाळाच कुरणावर गेली. ती ‘कुरणशाळा’. या प्रयोगाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येईल: मुलाच्या घरी जे आहे ते शाळेच्या तोलाचे आहे. १९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडला स्थिरावले. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. चित्रकलेचा वेगळा संप्रदाय त्यांनी काढला नाही. तथापि पुढे जे व्हायला हवे होते त्याचा पाया त्यांनी घातला होता, एवढे निश्चित.

भिंतीवरचा चौक कागदावर आणण्याचे श्रेय भास्कर कुलकर्णी या चित्रकाराकडे जाते. बिहारमध्ये १९६६-६७ साली दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने ते मिथिलेत गेले आणि भिंती रंगवणाऱ्या तेथील स्त्रियांच्या हाती कागद दिला. हातातल्या विद्येतून चार पैसे मिळावेत हा हेतू. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत ते डहाणू तालुक्यात गंजाडच्या बाजूला आले. येथेही त्यांनी कागद पुढे केला तो स्त्रियांच्याच. परंतु कागदावर ज्याचा हात मोकळा सुटला तो एक पुरुष होता, कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४. लहानपणी आई गेली, तेव्हा हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत आकृत्या काढून आपले मन सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. म्हशांनी चौकाच्या बाहेरचे जग उचलले. मासेमारीचे जाळे, भाताची लावणी, मुंग्यांसारखी धावणारी माणसे, तारप्याभोवती वेटोळे घेणारा नाच. मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या इमारतीतील केमोल्ड या दालनात त्यांची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

या प्रवासात एक मोठी घालमेल झाली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जी विद्या बायकांची होती ती कागदावर येताच बहुतांशी पुरुषांची झाली. जी लग्नात लिहिली जात होती ती बाराही महिने विक्रीस आली. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. पोट भरणे हा अपराध नव्हे, आणि म्हशांच्या रेषेत जे चैतन्य आहे ते उसने घेतलेले नाही. परंतु शाळेत जी वारली कला पोचली ती या दुसऱ्या टप्प्याची. मुलापर्यंत जाळे आले, तारपा आला, बैलगाडी आली. धवलेरी मात्र पाड्यावरच राहिली.

हे केवळ आपल्या मुलखात घडले असे समजू नये. येथे आपण समुद्र ओलांडून पश्चिम आफ्रिकेत नायजेरियात जाऊ. तो देशही आपल्यासारखा इंग्रजांच्या ताब्यात होता आणि तेथील शाळांतही चित्रकलेचा प्रश्न उभा राहिला होता. ऐना ओनाबोलू (१८८२-१९६३) नावाचे एक योरुबा गृहस्थ १९२० साली लंडनला गेले, तेथे चित्रकला शिकले, आणि परत येऊन लागोसच्या शाळांत यथादर्शन व मुखचित्र शिकवू लागले. काळ्या माणसाला असे चित्र काढता येत नाही, असे गोरे म्हणत. ओनाबोलूंनी ते काढून दाखवले. आपल्याकडे धुरंधरांनी जे केले त्याच जातीचे हे कार्य. पुढे ओनाबोलूंच्याच आग्रहामुळे सरकारने आणखी एक शिक्षक आणला. तो इंग्रज, नाव केनेथ मरे. हा १९२७ साली आला आणि त्याने उलटाच धडा घातला. विद्यार्थ्यांनी विलायती नमुने गिरवू नयेत, स्वतःच्या गावच्या मूर्ती, विणकाम, भिंती पाहाव्यात, हा त्याचा आग्रह. १९३७ साली त्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन लंडनला भरवले. त्या विद्यार्थ्यांपैकी बेन एन्वोन्वू पुढे जगप्रसिद्ध झाला.

दोघांत बरोबर कोण? आम्हांस वाटते, दोघेही अर्धे बरोबर. ओनाबोलूंनी मुलाला जगाची विद्या दिली आणि त्याच्या गावाकडे पाहिले नाही. मरेने गावाकडे पाहायला शिकवले, पण परक्या राज्यकर्त्याने ‘तुम्ही तुमचेच करा’ असे सांगितले, की त्यात ‘आमचे तुमच्यासाठी नाही’ असाही एक सूर ऐकू येतो. ही गाठ सोडवली ती त्याच देशातल्या उचे ओकेके (१९३३-२०१६) या इग्बो चित्रकाराने. इग्बो स्त्रियांची ‘उली’ नावाची एक रेखनविद्या आहे. उलीच्या फळांचा रस घेऊन अंगावर, आणि मातीचे रंग घेऊन घराच्या व देवळाच्या भिंतींवर त्या रेघा काढीत. थोड्याच रेघा आणि मोकळी जागा पुष्कळ. ओकेकेंची आई ही विद्या जाणणारी. त्यांनी ती तिच्यापासून शिकून घेतली. १९६७ ते १९७० या काळात यादवी युद्धाने इग्बोंचा प्रदेश उद्ध्वस्त झाला. त्यानंतर ओकेके एन्सुक्का येथील विद्यापीठात शिकवू लागले, आणि विद्यार्थ्यांना त्यांनी गावोगाव म्हाताऱ्या बायकांकडे पाठवले. वर्ग चालवणारे प्राध्यापक आणि शिकणारे बहुतेक पुरुष. पण गुरू कोण, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. भास्कर कुलकर्णी गंजाडच्या पाड्यांवर कागद घेऊन फिरत होते तो काळही हाच.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तेथील न्देबेले लोक १८८३ साली बोअर लोकांकडून हरले. त्यांची जमीन गेली, आणि पराभूतांना पाच-पाच वर्षांच्या कराराने बोअरांच्या शेतांवर मजूर म्हणून वाटून दिले गेले. करार पाच वर्षांचा, पण स्वतःची जमीन परत आली नाही. आपला लग्नगडी येथे आठवल्याशिवाय राहत नाही. अशा पांगलेल्या लोकांच्या बायकांनी पुढच्या काळात घरांच्या भिंती ठसठशीत भौमितिक आकृत्यांनी रंगवल्या. मुलगा वयात आल्याचा संस्कार असला की भिंत नव्याने रंगवायची. मालकाच्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाने ‘येथे न्देबेले राहतात’ हे लिहून ठेवले. एस्थर म्हलांगू या १९३५ साली जन्मलेल्या बाई आई व आजीपाशी ही विद्या शिकल्या, कोंबडीच्या पिसाने रंग भरतात, आणि आपल्या घरच्या अंगणात त्यांनी मुलांना ती शिकवली आहे. १९८९ साली पॅरिसला जगभरच्या कलावंतांचे एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात एस्थरबाईंनी आपले रंगवलेले घर उभे केले. त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणूचे जिव्या सोमा म्हसेही होते. कळंबीपाडा आणि न्देबेलेंचा गाव असे एका छताखाली आले.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. जगातल्या पुष्कळ शाळांत ‘आफ्रिकन कला’ या नावाने एक धडा शिकवतात. मुले कागदाचे मुखवटे करतात, त्यावर रंगीत पट्टे ओढतात, भिंतीवर टांगतात. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत आणि त्यांत भाषा शेकड्यांनी आहेत. त्या मुखवट्याला आफ्रिकन म्हणणे म्हणजे चौकाला आशियाई म्हणण्यासारखे आहे. योरुबांचे निराळे, इग्बोंचे निराळे, न्देबेलेंचे निराळे. म्हणून तिकडचे विचारी शिक्षक आता नाव घेऊन शिकवा असे म्हणतात: कोणते लोक, कोणता गाव, कोणता प्रसंग, कोणाचा हात. मुखवट्याचे उदाहरण आपल्याला दूरचे वाटू नये. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याची सोंगे निघतात. रात्री पलित्यांच्या उजेडात, वाद्यांच्या तालावर मुखवटा घालून माणूस देव होतो. तोच मुखवटा दिवसा काचेच्या कपाटात ठेवून खाली ‘आदिवासी कला’ अशी चिठ्ठी लावली, तर पाहणाराला काय कळेल?

आणखी जवळ यावयाचे तर आपल्या आयांचे चैत्रांगण घ्या. या दिवसांतच ते घरोघरी काढीत. गोपद्म, शंख, कमळ, तुळशीवृंदावन, चंद्र, सूर्य, देव्हारा, पाळणा, एकेका चिन्हाला नाव, एकेकाला जागा. परदेशातल्या शाळेत कोणी ते ‘हिंदी ठिपक्यांची नक्षी’ म्हणून शिकवले, गौरीचे नाव घेतले नाही, चैत्राचे घेतले नाही, ते काढणाऱ्या बाईचे तर नाहीच नाही, तर आपण काय म्हणू? आपण म्हणू, अक्षरे गिरवून घेतलीत, वाचायला शिकवले नाही. हेच आपण आपल्या शाळेत चौकाचे करीत आहोत, आणि तेही चौक लिहिणाऱ्यांच्या दारात बसून. पुण्याच्या शिक्षकाला ही सबब आहे की पाडा लांब आहे. पालघरच्या आणि बोईसरच्या शिक्षकाला ती नाही.

यावर तीन आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला, मुलांना चित्र काढू द्या, इतिहासाचे ओझे कशाला? याचे उत्तर वयात आहे. बालवाडीच्या मुलाला खुशाल त्रिकोण काढू द्यावेत. सहावी ते आठवीचे मूल मात्र ‘का’ आणि ‘कोणाचे’ विचारण्याच्या वयाचे असते. त्या वयात कारण सांगितले नाही, तर जगात वस्तूंना मालक नसतो, मागचापुढचा काही नसतो, अशीच त्याची समजूत होते. दुसरा आक्षेप, मग काय वारल्यांनीच वारली चित्रे काढावीत? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. विद्या दिल्याने वाढते. परंतु घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव सांगावे, हा आपल्या गायकांच्या घराण्यांचाही दंडक आहे. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव कायद्यानेही त्या लोकांचे आणि या भूमीचे ठरले. त्याच वर्षाच्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या जन्माच्या वर्षीच त्याला हा मान मिळाला, तर निदान त्या जिल्ह्याच्या शाळांनी तरी त्याची बूज राखावी.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर्गात वारल्यांची मुलेही बसलेली असतात. त्यांच्या घराविषयी सगळ्यांपुढे बोलू लागलो तर ती संकोचतील, कदाचित दुसरी हसतील. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच शिक्षकाचे कौशल्य येथे लागते. ‘ऊठ, तुमच्यात काय करतात ते सांग’ असे म्हणून एका अकरा वर्षांच्या मुलीवर साऱ्या जमातीचा भार टाकू नये. तिने सांगितले तर ऐकावे, न सांगितले तर आग्रह धरू नये. जाणत्या बाईला सन्मानाने शाळेत बोलवावे, पाहुणीला देतो तो नारळ आणि बिदागी द्यावी, आणि मुलांबरोबर शिक्षकानेही जमिनीवर बसावे. त्या दिवशी त्या मुलीला कळेल की आपल्या आजीला जे येते त्याला विद्या म्हणतात. तेवढे कळले तरी तास वाया गेला नाही.

मग शिकवावे कसे? आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे क्रम असा असावा. पहिल्या तासाला रेघ ओढूच नये. नाव सांगावे, नकाशावर गंजाड दाखवावे, चौक कधी लिहितात आणि कोण लिहिते ते सांगावे. दुसऱ्या तासाला मुलांनी तांदूळ वाटावा, काडी ठेचावी, गेरू कालवावा. पीठ पातळ झाले तर रेघ ओघळते, दाट झाले तर तुटते, ही गोष्ट बोटांना कळली म्हणजे भिंतीवर सरळ रेघ ओढणाऱ्या हाताविषयी आपोआप आदर वाटतो. तिसऱ्या तासाला चौक वाचावा. ही फणी का, ही शिडी का, मध्ये पालघट का. याच तासाला मोठ्या मुलांना लग्नगड्याची हकिकतही सांगावी. चौकातली वरात आणि वरातीमागचे कर्ज दोन्ही कळल्याशिवाय तो मुलूख कळत नाही. देवीची आकृती मात्र गिरवायला देऊ नये. लग्नाची वस्तू लग्नात राहू द्यावी. चौकाबाहेर जे अफाट जग आहे ते मुलांना पुरून उरेल.

चौथा तास सर्वांत महत्त्वाचा, आणि तेथे मरे व ओकेके यांचा धडा उपयोगी पडतो. मुलाने आता स्वतःच्या घरचे आणावे. बोईसरच्या वर्गात कोण नसते? तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली चालू झाले, पुढे कारखान्यांची वसाहत वाढली, आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसे आली. एखाद्या बिहारी मुलाच्या आजीला लग्नाचे कोहबर लिहिता येत असेल. तमिळ मुलीची आई उंबऱ्यापुढे कोलम घालते. गुजराती घरी साथिया, बंगाली घरी आलपना, चिंचणी-केळव्याकडच्या घरी रांगोळी. बहुतेक ठिकाणी हात बाईचाच, पुष्कळ ठिकाणी पीठ तांदळाचेच. मुलांनी घरी जाऊन विचारावे, नाव लिहून आणावे, आणि जमल्यास आजीला कागदावर चार रेघा काढायला लावाव्यात. मग वारल्यांचा चौक त्या वर्गात ‘त्यांची’ वस्तू राहत नाही आणि कोणा उपऱ्याची नक्षीही होत नाही. अनेक लिप्यांपैकी तो एक लिपी होतो, आणि तिच्यातच या मातीचे लिखाण आहे, म्हणून तिला यजमानाचा मान.

हे करण्याची निकड का, तेही सांगितले पाहिजे. कुडाच्या भिंती जात आहेत, विटा-सिमेंटच्या येत आहेत. पक्के घर नको असे पाड्यावरच्या माणसाला कोण सांगणार? सांगूही नये. सिमेंटच्या भिंतीवरही चौक लिहिता येतो, पण लिहिणारी हवी. जमीन बदलते आहे, किनारा बदलतो आहे. वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसली. उद्या या जिल्ह्यात आणखी परमुलखी माणसे येतील, आणि त्यांची मुले येथल्याच शाळांत बसतील. त्यांना हा मुलूख ओळखीचा करून देणारी पहिली माणसे चित्रकलेचे शिक्षकच असतील. भूगोलाच्या पुस्तकात पाड्याला जागा थोडी असते, चित्राच्या वहीत मात्र तो आधीच येऊन बसला आहे.

एन्सुक्काच्या विद्यार्थ्यांना गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाण्यासाठी मैलोगणती प्रवास करावा लागला. आपल्या शाळांना एस. टी.च्या एका फेरीइतके अंतर आहे. येत्या लगीनसराईत एखाद्या शिक्षकाने, घरधन्याची रीतसर परवानगी घेऊन, चार मुले बरोबर नेली आणि चौक लिहिला जात असताना कोपऱ्यात गप्प बसून पाहिला, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. मुलांनी त्या दिवशी वही नेऊ नये, फक्त पाहावे. आणि निघताना, जिच्या हातातली काडी पिठात बुडत होती त्या बाईचे नाव विचारून घ्यावे.